बेपत्ता मॉर्गन आणि उमेदवारीचं अधिवेशन

अमेरिकेतल्या दोन्ही मोठ्या पक्षांची राष्ट्रीय अधिवेशनं दर चार वर्षांनी टीव्हीवर दिसतात. छतावरून सुटणारे फुगे, हातातले फलक आणि एकेका राज्याचं नाव पुकारून घेतलेली मतं. राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी सहसा इथे अधिकृत होते. पण १७८७ च्या राज्यघटनेत ही रीत शोधायला गेलात तर काहीच सापडणार नाही. घटनेत राष्ट्राध्यक्ष निवडणारे इलेक्टर आहेत. राजकीय पक्षांचा उल्लेखसुद्धा नाही. माझ्या मते या रिवाजाचं मूळ न्यूयॉर्क राज्यातल्या कॅनंडाग्वा गावच्या तुरुंगापाशी सापडतं.

विल्यम मॉर्गन हा बटेव्हिया गावचा रहिवासी. फ्रीमेसन या गुप्त बंधुमंडळाचे विधी आणि शपथा पुस्तकातून उघड करणार, असं त्याने जाहीर केलं. सप्टेंबर १८२६ मध्ये दोन-तीन डॉलरच्या उधारीपायी त्याला कॅनंडाग्वाच्या तुरुंगात टाकण्यात आलं. रात्री कुणी तरी ती उधारी भरली, त्याला बाहेर काढलं आणि घोडागाडीत कोंबलं. नायगारा किल्ल्यापर्यंत त्याचा माग लागतो. पुढे तो कुणाला दिसला नाही. चौकशा झाल्या, खटले चालले. शिक्षा मात्र किरकोळ. शेरीफ, न्यायाधीश, ज्यूरी यांतले बरेच जण स्वतःच मेसन असल्याचं बाहेर आलं आणि लोक खवळले. रॉचेस्टरचा संपादक थर्लो वीड याने या संतापातून पक्ष उभा करायला मदत केली. तोच मेसनविरोधी पक्ष, अमेरिकेतला पहिला तिसरा पक्ष.

तोवर उमेदवार ठरवायची पद्धत सरळ होती: पक्षाचे खासदार बंद दाराआड बसत आणि नाव काढत. या बैठकीला कॉकस म्हणत. १८२४ मध्ये तिला जेमतेम ६६ खासदार आले, त्यांनी विल्यम क्रॉफर्डचं नाव पुढे केलं आणि तो हरला. कॉकस तिथेच संपली.

आता नव्या पक्षाची अडचण पाहा. काँग्रेसमध्ये त्याचे मूठभर सदस्य. त्यांची कॉकस भरवून ती देशाचा आवाज म्हणून कोण मानणार? आणि गुप्त बैठकांविरुद्धच जो पक्ष जन्मला, त्याने बंद खोलीत उमेदवार कसा निवडावा? म्हणून २६ सप्टेंबर १८३१ रोजी बाल्टिमोरला १३ राज्यांतले शंभराहून अधिक प्रतिनिधी उघडपणे जमले. प्रत्येक राज्याचे प्रतिनिधी काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांतल्या त्याच्या सदस्यसंख्येइतके, आणि उमेदवारीला तीन-चतुर्थांश मतं हवीत, असा नियम केला. त्यांनी निवडला तो विल्यम वर्ट, बारा वर्षं ॲटर्नी जनरल राहिलेला नामांकित वकील. तरुणपणी आपण मेसन मंडळात दाखल झालो होतो, हे वर्टने त्यांना लिहून कळवलं. तरी उमेदवारी त्याचीच राहिली.

माझ्या मते उमेदवार ठरवणारं पहिलं राष्ट्रीय अधिवेशन हेच. याला प्रतिवाद आहे आणि तो भक्कम आहे. इतिहासकार सॅम्युएल एलियट मॉरिसन यांनी १९१२ मध्ये दाखवून दिलं की फेडरलिस्ट पक्षाचे नेते १८०८ मध्येच न्यूयॉर्कला जमले होते. म्हणजे पहिलं अधिवेशन तेच. १८१२ मध्येही ते जमले आणि त्यांनी डेविट क्लिंटनला पाठिंबा दिला. पण त्या बैठका गुप्त होत्या. बंद दाराआड जमलेले नेते म्हणजे जागा बदललेली कॉकसच, असं मी धरतो. राज्यपातळीवरची अधिवेशनं आधीपासून भरत होती, हेही खरं. मेसनविरोध्यांनी तोच साचा देशभरासाठी मोठा केला. जाता जाता एक धागा: मॉर्गन नाहीसा झाला तेव्हा न्यूयॉर्कचा गव्हर्नर हाच क्लिंटन होता, आणि तो नामवंत मेसन होता.

माझ्या बाजूचा सगळ्यांत मोठा पुरावा नंतरच्या आठ महिन्यांत आहे. डिसेंबर १८३१ मध्ये नॅशनल रिपब्लिकन बाल्टिमोरलाच जमले आणि त्यांनी हेन्री क्लेला उभं केलं. मे १८३२ मध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांचे डेमोक्रॅटही तिथेच आले. क्ले आणि जॅक्सन दोघेही मेसन! डेमोक्रॅटांनी दोन-तृतीयांश मतांचा नियम घातला. मेसनविरोध्यांच्या तीन-चतुर्थांशाचं ते सौम्य रूप असावं, असा माझा कयास. हा नियम १९३६ पर्यंत टिकला आणि पक्षाला महागात पडला: १८४४ मध्ये माजी राष्ट्राध्यक्ष व्हॅन ब्यूरनला बहुमत असूनही उमेदवारी मिळाली नाही, आणि १९२४ मध्ये उमेदवार ठरायला मतदानाच्या १०३ फेऱ्या लागल्या.

१८३२ च्या निवडणुकीत वर्टला फक्त व्हरमाँटची ७ इलेक्टर मतं मिळाली. काही वर्षांत पक्ष व्हिग पक्षात विरून गेला.

विसाव्या शतकाच्या आरंभी प्रायमरी, म्हणजे पक्षाच्या उमेदवारीसाठी मतदारांचा कौल घेणाऱ्या निवडणुका, आल्या. १९६८ मध्ये एकही प्रायमरी न लढता ह्युबर्ट हम्फ्री उमेदवार झाले, त्यावर गदारोळ उठला आणि १९७२ पासून प्रायमरी निर्णायक ठरल्या. तेव्हापासून अधिवेशन म्हणजे नुसता सोहळा, असं म्हटलं जातं. मला ते पटत नाही. २१ जुलै २०२४ ला प्रायमरी जिंकलेल्या जो बायडन यांनी माघार घेतली. मतदारांना पुन्हा विचारायला वेळ नव्हता. कमला हॅरिस यांना उमेदवारी दिली ती पक्षाच्या प्रतिनिधींनी, शिकागोचं अधिवेशन भरण्याआधीच दूरस्थ मतदान घेऊन. बाल्टिमोरला १८३१ मध्ये त्यांच्या हाती आलेला तो अधिकार आजही त्यांच्याकडेच आहे.