अतिसक्रिय मूत्राशयावरील औषधोपचार : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

लघवीची अचानक व अनावर निकड लागणे ही तक्रार जुनीच. तिला ‘अतिसक्रिय मूत्राशय’ हे नाव मात्र विसाव्या शतकाच्या अखेरीस मिळाले. या विकारावरील औषधे त्याच्या नावापेक्षा वयाने मोठी आहेत, ही बाब इतिहासाच्या अभ्यासकाला महत्त्वाची वाटते.

मूत्राशयाचा स्नायू प्रामुख्याने ॲसिटिलकोलीन या द्रव्यामुळे आकुंचन पावतो. साहजिकच त्याला अटकाव करणारी औषधे प्रथम वापरात आली. 1975 साली अमेरिकेत मान्यता मिळालेले ऑक्सिब्युटिनिन त्यांपैकी प्रमुख होय. औषध गुणकारी होते. परंतु लालाग्रंथी व आतडी यांवरही त्याच द्रव्याचा अंमल चालत असल्याने तोंडाला कोरड पडे, बद्धकोष्ठता होई आणि अनेक रुग्ण औषध मध्येच सोडून देत.

टेरोडिलिनची कथा अधिक उद्बोधक आहे. स्वीडनमधील हे औषध मुळात हृदयशूळावरचे. ते घेणाऱ्यांना लघवी तुंबण्याचा त्रास होई. हा दोषच पुढे गुण मानला गेला आणि 1986 मध्ये ब्रिटनमध्ये ते मूत्राशयाच्या विकारासाठी बाजारात आले. वृद्धांमध्ये हृदयाच्या ठोक्यांची प्राणघातक अनियमितता आढळल्याने 1991 मध्ये ते मागे घ्यावे लागले. रासायनिकदृष्ट्या त्याच्याशी साम्य असलेले प्रेनिलामीन याच दोषामुळे 1988 मध्ये बाजारातून गेले होते. तो इशारा वेळीच ओळखता आला असता, असे म्हणणे भाग आहे.

यानंतर मूत्राशयासाठीच विकसित केलेले टॉल्टेरोडीन आले. अमेरिकेत त्यास 1998 मध्ये मान्यता मिळाली. याच सुमारास पॉल एब्रॅम्स व ॲलन वाइन यांनी ‘अतिसक्रिय मूत्राशय’ ही संज्ञा पुढे आणली आणि 2002 मध्ये तिची लक्षणाधारित व्याख्या निश्चित झाली. औषध कंपन्यांनी रोग निर्माण केला, हा आक्षेप तेव्हापासून घेतला जातो. तो सर्वस्वी निराधार नाही. तथापि मूत्राशयात नळी घालून करावयाच्या तपासणीविना रुग्णाला उपचार मिळू लागले, हेही नाकारता येत नाही.

2011 मध्ये जपानमध्ये मान्यता मिळालेल्या मिराबेग्रॉनने निराळा मार्ग धरला. ते ॲसिटिलकोलीनला अडवत नाही; बीटा-3 ग्राहकांद्वारे स्नायू सैल करते. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात ॲसिटिलकोलीनविरोधी औषधांचे दीर्घ सेवन आणि वृद्धांमधील स्मृतिभ्रंश यांचा संबंध आढळला. संबंध म्हणजे कारण नव्हे; तरीही 2024 च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचनांनी या धोक्याची रुग्णाशी चर्चा करण्यास डॉक्टरांना सांगितले आहे. ऑक्सिब्युटिनिन मात्र अद्याप वापरात आहे.