वोलॉफ भाषा व लोकजीवन

पश्चिम आफ्रिकेतील सेनेगल, गँबिया व दक्षिण मॉरिटेनिया या प्रदेशांतील एक प्रमुख लोकसमूह व त्याची भाषा. ही भाषा नायजर-काँगो कुलाच्या अटलांटिक शाखेत मोडते. सेरेर व फुला या तिच्या निकटच्या भाषा होत. सेनेगलमध्ये वोलॉफ वंशाचे लोक सु. दोन-पंचमांश आहेत, परंतु ही भाषा बोलणारे वा समजणारे लोक चार-पंचमांशांहून अधिक भरतात. राजभाषा मात्र फ्रेंच आहे. बाजाराची भाषा एक व शाळेची दुसरी, या विसंगतीनेच वोलॉफचा गेल्या दोन शतकांचा इतिहास घडविला आहे.

जोलॉफ हे वोलॉफांचे मूळ राज्य. १५४९ मधील दांकीच्या लढाईनंतर काजोर स्वतंत्र झाले व साम्राज्य विघटित होऊन वालो, बावोल इ. राज्ये पुढे आली. भाषेचा मोठा प्रसार मात्र राजसत्तेपेक्षा व्यापाराने झाला. फ्रेंचांनी १६५९ मध्ये वसविलेल्या सेंट लूई येथे गुलाम, डिंक व कापड यांची देवघेव चाले. डिंकाच्या व्यापारात पाँडिचेरीचे निळे कापड चलनासारखे वापरले जाई. पुढे भुईमुगाची लागवड, डाकार–सेंट लूई लोहमार्ग (१८८५) आणि डाकार शहराची वाढ यांमुळे विविध जमातींचे लोक एकत्र आले व वोलॉफ ही त्यांची सामाईक बोली बनली. या लोहमार्गास विरोध करणारा काजोरचा राजा लात जोर १८८६ मध्ये फ्रेंचांशी लढताना मारला गेला.

झाँ दार या फ्रेंच शिक्षकाने १८१७ मध्ये सेंट लूई येथे शाळा काढली. फ्रेंच न समजणारी मुले पाठ केवळ घोकतात, हे ध्यानी येताच त्याने आधी वोलॉफमधून वाचन-लेखन व नंतर फ्रेंच असा क्रम ठेवला. मोठ्या विद्यार्थ्यांकडून लहानांस शिकविण्याची पद्धती त्याने स्वीकारली होती. तिचे एक मूळ अँड्रू बेलने मद्रासमध्ये केलेल्या प्रयोगात आहे. दारने वोलॉफचा कोश (१८२५) व व्याकरण (१८२६) प्रसिद्ध केले. तथापि पुढे वसाहतीच्या शिक्षणात केवळ फ्रेंचचाच आग्रह धरण्यात आला व त्याचा प्रयोग मागे पडला. प्रस्तुत लेखकाच्या मते, वसाहतकालीन शिक्षणातील ही सर्वांत महाग पडलेली माघार होय.

लेखनाचा दुसरा प्रवाह शाळेबाहेर वाहत होता. अरबी लिपीत वोलॉफ लिहिण्याच्या रीतीस ‘वोलोफाल’ म्हणतात. मुरीद पंथाचे संस्थापक आमादू बांबा (सु. १८५३–१९२७) यांनी स्वतः अरबीत रचना केल्या, त्यांच्या मूसा का इ. अनुयायांनी वोलॉफमध्ये विपुल काव्य लिहिले. व्यापारी हिशेब व पत्रेही या लिपीत लिहीत. फ्रेंच दप्तराच्या लेखी मात्र हे लोक निरक्षरच होते.

ही भाषा शिकणाऱ्यास प्रथम जाणवते ते तिचे क्रियापद. ते स्वतः फारसे बदलत नाही; बदलते ते सर्वनाम. ‘लेक्क ना’ म्हणजे ‘मी खाल्ले’. ‘मा लेक्क’ म्हणजे ‘मीच खाल्ले’. ‘चेब ला लेक्क’ म्हणजे ‘मी भातच खाल्ला’. मराठीत ‘च’ जे काम करतो, ते येथे सर्वनामाच्या रूपाने साधते. नामांचे वर्ग दहा असून (आठ एकवचनी, दोन अनेकवचनी) वर्गचिन्ह नामानंतर येते. त्याच्या स्वराने अंतर कळते. ‘केर गि’ हे जवळचे घर, ‘केर ग’ हे दूरचे. डाकारच्या बोलीत मात्र वर्ग गळून पडत आहेत. संख्या पाचावर उभी आहे : सहा म्हणजे ‘जुरोम बेन्न’, अर्थात पाच-एक.

व्याकरणाइतकेच अभिवादन शिकावे लागते. ते उरकून टाकणे असभ्यपणाचे मानतात. ‘सलाम अलेकुम’नंतर एकमेकांचे आडनाव (सान्त) उच्चारणे, मग घरच्यांची विचारपूस, असा क्रम असतो. ‘ना ङ्गा देफ’ या ‘कसे काय?’ अर्थाच्या प्रश्नाचे उत्तर ‘मा ङ्गि फि रेक’, म्हणजे ‘आहे येथेच’. अंजाय व जोप या आडनावांचे लोक भेटताच परस्परांस खादाड म्हणून चिडवतात. त्यात राग मानावयाचा नसतो. आतिथ्यास ‘तेरांगा’ म्हणतात. चेबू जेन (मासेभात) एकाच मोठ्या पात्रातून खातात. प्रत्येकाने आपल्यासमोरचाच भाग उजव्या हाताने घ्यावयाचा, आणि गृहिणी मासळीचे तुकडे मोडून पाहुण्याकडे सारते. हा पदार्थ तसा अर्वाचीन : वसाहतकाळात इंडोचायनातून तांदळाची कणी येऊ लागण्यापूर्वी येथील मुख्य अन्न बाजरी होते. यूनेस्कोने २०२१ मध्ये त्यास अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले.

स्वातंत्र्यानंतर (१९६०) १९७१ च्या हुकूमनाम्याने वोलॉफसह सहा भाषांना रोमन लिपीतील प्रमाणलेखन ठरवून देण्यात आले. त्याच वर्षी पाते जान्य व चित्रपटकार उस्मान सेंबेन यांनी कादू हे वोलॉफ नियतकालिक सुरू केले. लेखननियमांवरून वाद इतका विकोपास गेला, की सेंबेनच्या सेद्दो (१९७७) या चित्रपटावर शीर्षकातील ‘द’च्या द्वित्वाचे कारण देऊन सेनेगलमध्ये बंदी घालण्यात आली, राष्ट्राध्यक्ष सेंगोर हे स्वतः फ्रेंच कवी व व्याकरणज्ञ होते. शेख अंता जोप यांनी १९७५ मध्ये सापेक्षतासिद्धांतावरील मजकूर वोलॉफमध्ये आणून तिची शास्त्रीय क्षमता दाखविली. फ्रेंच कादंबरीकार म्हणून नाव मिळविलेल्या बूबाकार बोरिस जोप यांनी २००३ मध्ये दोमि गोलो ही कादंबरी प्रथम वोलॉफमध्ये लिहिली आणि २००९ मध्ये तिचे फ्रेंच रूप स्वतःच सिद्ध केले.