या पोराला पुढं कुठं उभं करायचं?

एखादं पोरगं वाऱ्यासारखं पळताना दिसलं की आमच्या किनवटला निर्णय लगेच होतो : "याला पुढं टाक." पण पुढं म्हणजे नेमकं कुठं? गोलच्या तोंडाशी, कडेला, की जरा मागं? हे कुणी विचारत नाही. मग चार सामने गोल झाला नाही की तेच पोरगं बॅकला जातं, आणि पुढच्या पावसाळ्यानंतर मैदानावर दिसतच नाही. स्ट्रायकरची जागा कशी शोधायची, हे समजून घ्यायला मी इतिहासाकडे वळलो. तो इतिहास आपल्या फार जवळचा निघाला.

१ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचना झाली. तोवर आपला किनवट तालुका हैदराबाद राज्यात, आदिलाबाद जिल्ह्यात होता. त्या दिवशी तो मुंबई राज्यात आला. बरोबर एका महिन्यानं, १ डिसेंबरला, मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारतानं यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ नं हरवलं. संघाचा कोच हैदराबादचा, सय्यद अब्दुल रहीम. त्या सामन्यात तीन गोल मारणारा नेव्हिल डिसूझा हा मुंबईत टाटा संघाकडून खेळणारा मूळचा गोव्याचा सेंटर फॉरवर्ड. आपण ज्या राज्यातून निघालो तिथला कोच, आणि ज्या राज्यात पोचलो तिथला स्ट्रायकर!

रहीमसाहेब पेशानं शाळामास्तर. त्यांच्या हैदराबाद सिटी पोलिस संघानं १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं मुंबईत येऊन रोव्हर्स कप जिंकला होता. पण १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांच्याच हाताखालचा भारतीय संघ युगोस्लाव्हियाकडून १०-१ असा हरला. आपल्या पोरांत काय कमी आहे आणि त्यांना कुठं उभं करावं, हा प्रश्न तिथून टाळता येण्यासारखा राहिला नाही.

त्या काळी पुढं पाच जण खेळत. दोन कडेला, दोन आत, मधोमध सेंटर फॉरवर्ड. समोरचा सेंटर हाफ फक्त त्याच्यावर नजर ठेवायचा. २५ नोव्हेंबर १९५३ ला हंगेरीनं वेम्बलीवर हे गणितच मोडलं. त्यांचा नऊ नंबरचा हिदेगकुटी गोलसमोर थांबायचं सोडून मागं सरकला. आता इंग्लंडच्या सेंटर हाफनं काय करायचं? त्याच्या मागं गेला तर पाठीमागं मोकळं रान, जागेवर थांबला तर हिदेगकुटी मोकळा. हंगेरी ६-३ नं जिंकली आणि त्यातले तीन गोल हिदेगकुटीचे होते.

यातून मला समजलं ते असं : स्ट्रायकरची जागा ही खडूनं आखलेली चौकट नसते. समोरच्याला पेचात टाकणारी जागा, ती त्याची जागा. आणि ती शेजारी कोण खेळतंय यावरही ठरते. नेव्हिलच्या उजव्या हाताला, कडेला, वीस वर्षांचा पी. के. बॅनर्जी होता. कडेचा पोरगा बचावाला बाजूला ओढतो तेव्हा मधल्याला श्वास घ्यायला जागा मिळते. नेव्हिलनं सेमी फायनलमध्ये युगोस्लाव्हियाविरुद्धही गोल केला. तो सामना आपण ४-१ नं हरलो, पण पहिला गोल आपला होता. चार गोलांसह नेव्हिल त्या स्पर्धेत सर्वाधिक गोल करणाऱ्यांत बरोबरीनं पहिला राहिला.

रहीमसाहेबांचा सगळ्यात धाडसी निर्णय मात्र १९६२ चा. जकार्ताच्या एशियाडमध्ये त्यांचा भरवशाचा बचावपटू जर्नेल सिंग याच्या डोक्याला टाके पडले. इकडे बचाव अरुण घोषनं सांभाळला होता. रहीमसाहेबांनी जखमी जर्नेलला बाकावर बसवलं नाही, थेट सेंटर फॉरवर्ड केलं. सेमी फायनलमध्ये त्यानं गोल केला. ४ सप्टेंबरच्या फायनलमध्ये दक्षिण कोरियाविरुद्ध पुन्हा केला. याच कोरियानं गटात आपल्याला २-० नं हरवलं होतं. फायनल आपण २-१ नं जिंकली. पुढच्याच वर्षी, ११ जून १९६३ ला, कॅन्सरनं रहीमसाहेब गेले.

बॅकचा माणूस भारताला सुवर्ण मिळवून देणारा स्ट्रायकर होऊ शकतो, तर चौदा वर्षांच्या पोराच्या कपाळावर आपण कायमचा शिक्का का मारतो? उंच आहे म्हणून मध्ये, बारीक आहे म्हणून कडेला, गोंधळला म्हणून मागं. त्या वयात तर अंगही वर्षभरात बदलतं.

म्हणून मी सांगतो, पोराला आधी तिन्ही जागांवर महिना-महिना खेळवा. बॉल त्याच्या पायात असताना सगळेच बघतात. तुम्ही बॉल दुसऱ्याकडे असताना बघा. तो आपोआप कुठं पळतो? मागं येऊन बॉल मागतो, कडेला सरकतो, की बचावपटूच्या पाठीमागं घुसतो? गोलकडे पाठ असताना बॉल आला तर घाबरतो की वळतो? आणि त्याच्या शेजारी कोण दिलं की तो खुलतो? गोल मोजायचं काम नंतरचं. पोरगं पुढच्या पावसाळ्यानंतरही मैदानावर आलं पाहिजे, हे पहिलं.