न्गोरोंगोरोचे कुंड

पूर्व आफ्रिकेतील स्वाहिली भाषेत प्रवासाला 'सफारी' म्हणतात. आपला 'सफर' आणि हा शब्द, दोघांचे मूळ अरबीत एकच. व्यापारी, हमाल, शिकारी अशा अनेकांच्या तोंडी फिरून तो आज मोटारीत बसून वन्य पशू पाहण्याच्या हौसेला चिकटला आहे. या हौसेचे एक मोठे क्षेत्र म्हणजे उत्तर टांझानियातील न्गोरोंगोरो.

सुमारे 25 लाख वर्षांपूर्वी येथील एका प्रचंड ज्वालामुखीचा माथा आत कोसळला आणि मागे उरले ते सुमारे 600 मीटर खोल, 260 चौरस किलोमीटर तळाचे कुंड. सकाळी कडेवर पुष्कळदा दाट धुके असते. ते विरले की खाली खाऱ्या तळ्याचा पांढरा काठ उजळतो आणि कुरणावर मुंग्यांसारखे ठिपके हलू लागतात. ते वाइल्डबीस्ट आणि झेब्रे. खाली उतरल्यावर सिंह, तरस, रानरेडे भेटतात. नशीब असल्यास काळा गेंडाही. जिराफ मात्र येथे नाही. ठरावीक जागा सोडून मोटारीबाहेर पाय ठेवावयाचा नाही, आणि जेथे उतरता येते तेथे घारी हातातला घास झडप घालून नेतात! सायंकाळ झाली की सर्वांनी वर यावयाचे. रात्री तळात प्रवाशाला मुक्काम नाही.

पाहणाऱ्याला वाटते, ही भूमी आरंभापासून अशीच निर्मनुष्य असावी. ती तशी नव्हती. दातोगा नावाचे पशुपालक येथे राहत होते. एकोणिसाव्या शतकात मसाई लोकांनी त्यांना हटवून ही कुरणे घेतली. गाईच्या गळ्यातील घंटेच्या नादावरून 'न्गोरोंगोरो' हे नाव पडले, असे मसाई सांगतात. मार्च 1892 मध्ये ऑस्कर बाउमान हा ऑस्ट्रियन प्रवासी येथे उतरला, तेव्हा बुळकांडीच्या साथीने मसाईंची गुरे मेली होती आणि माणसे उपासमारीने हाडांचे सापळे झाली होती. युरोपच्या डोळ्यांना हे कुंड प्रथम दिसले ते अशा अवस्थेत. पुढे जर्मन अमलात सीडेनटॉफ बंधूंनी तळात शेती थाटली, आणि वाइल्डबीस्टचे कळप हाकलून देण्याची खटपटही केली. पशूच ते, गेले नाहीत. पहिल्या महायुद्धाने बंधूच गेले.

इंग्रजी अमलात 1928 मध्ये कुंडातील बहुतेक भागात शिकारीला बंदी झाली. 1951 मध्ये सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यान झाले, त्यात न्गोरोंगोरोही आले, आणि राष्ट्रीय उद्यानात माणसांनी राहावे की नाही, हा वाद पेटला. अखेर 1959 मध्ये वाटणी झाली. मसाईंनी सेरेंगेटी सोडावयाची; त्याच्या बदल्यात न्गोरोंगोरो हे निराळे संरक्षित क्षेत्र करून तेथे माणूस, गुरे आणि वन्य पशू यांनी एकत्र नांदावयाचे. पशूंचे आणि माणसांचे हित परस्परांच्या आड आले, तर माणसांचे हित वरचढ मानले जाईल, असे आश्वासन गव्हर्नर टर्नबुल यांनी त्या वर्षी मसाईंच्या सभेत दिले होते. त्याच वर्षी जानेवारीत, सेरेंगेटीच्या कळपांची विमानातून गणती करणारा मिखाएल ग्झिमेक हा तरुण जर्मन अपघातात मरण पावला. त्याची समाधी कुंडाच्या कडेवरच आहे, आणि 1987 मध्ये निधन पावलेल्या त्याच्या पित्याची रक्षाही तेथेच पुरलेली आहे. वन्य पशूंसाठी पितापुत्रांनी वेचलेले श्रम खरे आहेत. पण वाटणीतील दुसऱ्या पक्षाची समाधी कोणी बांधली नाही.

ते आश्वासन पंधरा वर्षे टिकले. 1974 मध्ये तळात राहणाऱ्या मसाईंना तेथून काढण्यात आले. गुरे क्षाराच्या चाटणासाठी आणि पाण्यासाठी दिवसा खाली नेण्याची मुभा होती. पुढे तीही गेली. आता गेंड्यांकडे पाहा. 1960 नंतरच्या दशकात, मसाई तळात असताना, येथे शंभरावर गेंडे मोजले गेले होते. 1990 नंतरच्या काही वर्षांत ते वीसही उरले नाहीत. याला एकच कारण लावणे बरोबर होणार नाही. पण शिंगांचा व्यापार गुराख्यांच्या काठीने चालत नव्हता, एवढे तरी म्हणता येईल.

1979 मध्ये हे क्षेत्र जागतिक वारसा ठरले. 1959 मध्ये येथे सुमारे आठ हजार मसाई होते. आज या क्षेत्रातील वस्ती लाखावर आहे, आणि गुरांच्या मानाने कुरण अपुरे पडते, हे सरकारचे म्हणणे निराधार नाही. 2022 पासून कुटुंबांना शेकडो किलोमीटर दूर, हांदेनी जिल्ह्यातील म्सोमेरा येथे हलविले जात आहे. स्थलांतर ऐच्छिक आहे, असे सरकार म्हणते. शाळा आणि दवाखाने आटवून ही इच्छा निर्माण केली, असे मसाई म्हणतात. ऑगस्ट 2024 मध्ये त्यांच्या गावांची नावे मतदारनोंदणीतून वगळल्याचे कळताच हजारो मसाई लाल शुका पांघरून रस्त्यावर आले. त्या दिवसांत कुंडाकडे निघालेल्या प्रवाशांच्या मोटारी त्यांच्यापुढे थांबून राहिल्या.