स्कोप्त्सींच्या सांगाड्यापासून ॲमस्टरडॅमपर्यंत : ट्रान्स स्त्रियांच्या हाडांचा इतिहास

१/ विसाव्या शतकाच्या आरंभी व्हिएन्नातील तांडलर आणि ग्रोस यांनी स्कोप्त्सी या रशियन पंथाच्या अनुयायांची शरीरे तपासली. धर्मश्रद्धेपोटी या पंथात वृषणे काढून टाकली जात. ज्यांच्यावर हा प्रसंग बालपणीच आला, त्यांचे हातपाय विलक्षण लांब होते. हाडांच्या टोकांशी असलेल्या वाढीच्या कूर्चा तारुण्यात हाडात मिसळून जातात. यांच्या मात्र उघड्याच राहिल्या होत्या.

२/ निष्कर्ष सरळ वाटला : पुरुषाचे हाड पुरुषी संप्रेरकावर पोसते. १९४१ मध्ये बॉस्टनच्या फुलर ऑलब्राइट यांनी ठिसूळ हाडांचा संबंध इस्ट्रोजेनच्या अभावाशी जोडला खरा, पण तो ऋतुनिवृत्त स्त्रियांपुरता.

३/ १९५० पासून कोपनहेगनमध्ये ख्रिश्चन हॅम्बर्गर यांनी क्रिस्टीन जॉर्गेन्सन यांच्यावर इस्ट्रोजेनचे उपचार केले. १९५२ च्या डिसेंबरात वृत्तपत्रांनी ही बातमी जगभर नेली. वीस वर्षांनी त्यांच्या हाडांचे काय होईल, हे मोजण्याचे विश्वसनीय साधनच तेव्हा नव्हते.

४/ मग १९९४ उजाडले. अमेरिकेतील एका २८ वर्षांच्या पुरुषाची हकिकत प्रसिद्ध झाली. उंची २०४ सेंटिमीटर, टेस्टोस्टेरॉन पुरेसे. तरीही हाडे विरळ आणि कूर्चा उघड्या! जणू स्कोप्त्सींचाच सांगाडा. दोष एकच होता : जनुकीय बिघाडामुळे त्याच्या पेशींना इस्ट्रोजेनची खूणच पटत नव्हती. म्हणजे पुरुषाच्या हाडाचाही मोठा राखणदार इस्ट्रोजेनच.

५/ वृषणे काढल्यावर इस्ट्रोजेन घेणाऱ्या ट्रान्स स्त्रीची हाडे झिजतील ही भीती येथे उलटी होते. खरा धोका दोन्ही संप्रेरके नसण्याचा. ॲमस्टरडॅमच्या १९९८ च्या अभ्यासात त्याची चाहूल लागली : शस्त्रक्रियेनंतर मेंदूतील पीयूषिका ग्रंथीचे एलएच हे संप्रेरक ज्यांच्या रक्तात वाढलेले, म्हणजे ज्यांना इस्ट्रोजेन कमी पडत असावे, त्यांच्या हाडांची घनता अधिक घटली होती. तेथीलच २०१९ च्या अहवालात, दहा वर्षांच्या उपचारानंतरही घनता टिकून होती.

६/ तरीही २०२० चे डच आकडे विचारात पाडतात. पन्नाशीपुढील ट्रान्स स्त्रियांत अस्थिभंग ४.४ टक्के, समवयस्क पुरुषांत २.४, स्त्रियांत ४.२. दोष केवळ औषधाला देणे घाईचे ठरेल. बेल्जियममधील गेन्टच्या संशोधकांनी २०१३ मध्येच दाखवले होते की, उपचाराची पहिली गोळी घेण्याआधीच अनेकींची हाडे विरळ होती, स्नायू कमी होते आणि खेळाच्या मैदानावरचा वावरही कमी होता.