दोन दिवसांत पंधरा लाख पौंड गायब!

जागा घेतली आणि किंमत कोसळली, तर कोर्ट वाचवतं का? लंडनची एक जुनी केस बघा.

एक गोदाम. विकणारे जॉन वॉकर अँड सन्स (हो, व्हिस्कीवालेच!). किंमत १७,१०,००० पौंड. घेणाऱ्या कंपनीला तिथे नवं बांधकाम करायचं होतं. "इमारत वारसा यादीत आहे का?" त्यांनी आधीच विचारलं. उत्तर आलं, नाही. तेव्हा ते खरंच होतं. २५ सप्टेंबर १९७३ ला करार झाला आणि २७ तारखेला गोदाम यादीत गेलं. किंमत उरली साधारण २ लाख!

कंपनी म्हणाली, दोघांचाही गैरसमज झाला, करार रद्द करा. १९७६ मध्ये अपील कोर्टाने साफ नकार दिला. करार झाला तेव्हा गैरसमज नव्हताच. पुढचा धोका घेणाऱ्याचा.

आपल्याकडेही १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५५ तेच सांगतं. मालकी तुमच्याकडे आली, की विकणाऱ्यामुळे न झालेली घट तुमच्या माथी. पण साध्या तपासणीत न सापडणारा, त्याला माहीत असलेला मोठा दोष त्याने लपवला, तर ते कपट. मग दाद मागता येते.

थोडक्यात, भाव किती पडला याला कोर्टात फारशी किंमत नाही. सही करताना कोणाला काय माहीत होतं, याला आहे. म्हणून प्रश्न सहीआधी विचारा, आणि उत्तर लेखीच घ्या.