टँगो: हरवलेल्या मुलखाचा नाच

फिनलंडच्या पश्चिमेला सेइनायोकी नावाचं लहान शहर आहे. दर जुलैमध्ये तिथं ‘टँगोमार्किनात’, म्हणजे टँगोची जत्रा भरते. 1985 साली ती सुरू झाली. नाचासाठी शहरातला एक रस्ताच मोकळा केला जातो. बाहेरगावाहून आलेली जोडपी रात्री उशिरापर्यंत नाचतात. गाण्याच्या स्पर्धेतून टँगोचे राजा-राणी निवडले जातात.

पण टँगो मुळात फिनलंडचा नाही. 19व्या शतकाच्या अखेरीस ब्युनोस आयर्स आणि मोन्टेव्हिडिओच्या गरीब वस्त्यांत तो जन्मला. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांचे वंशज, इटली-स्पेनमधून पोटासाठी आलेले स्थलांतरित आणि स्थानिक कष्टकरी यांच्या मिसळणीतून तो घडला. तिथल्या प्रतिष्ठितांनी आधी नाकं मुरडली. पॅरिसनं डोक्यावर घेतल्यावर मात्र घरच्यांनाही तो गोड लागला. पॅरिसची हीच लाट 1913च्या सुमारास फिनलंडला पोहोचली.

तिथं तो खोलवर रुजला युद्धानंतर. 1939 ते 1944 या काळात फिनलंडची सोव्हिएत संघाशी दोन युद्धं झाली. युद्धकाळात सार्वजनिक नाचावर बंदी होती. करेलियाचा मोठा भाग हातचा गेला आणि 4 लाखांहून अधिक माणसं विस्थापित झाली. बंदी उठल्यावर लोक नाचाच्या मांडवांत परतले. टँगोच्या उदास सुरावटीला आता अकॉर्डियनची साथ आणि फिनिश शब्द मिळाले होते.

1955चं ‘सातुमा’ हे गाणं याच काळातलं. समुद्रापलीकडच्या सुखी मुलखाची आस त्यात आहे. ते लिहिणारा आणि त्याला चाल लावणारा उन्तो मोनोनेन हा करेलियातल्या मुओलाचा. त्याचं जन्मगावच सीमेपलीकडे गेलेलं. 1962 साली रेइयो ताइपालेच्या आवाजात हे गाणं देशभर गाजलं. गाण्यात करेलियाचं नाव कुठंही नाही. पण ज्याचं घर सुटलंय, त्याला नाव घेऊन सांगावं लागत नाही.

2009 साली युनेस्कोनं टँगोला अर्जेंटिना आणि उरुग्वेचा सामायिक वारसा म्हणून मान्यता दिली. ते रास्तच झालं. म्हणून सेइनायोकीत नाचणारे उपरे ठरत नाहीत. आपल्याकडेही गाणं, भाषा, पोशाख कुणाचा यावर रोज भांडणं लावली जातात. कलेचं मूळ सांगावं, श्रेयही द्यावं. पण तिच्या सातबाऱ्यावर एकाच जमातीचं नाव चढवता येत नाही.